रायभानने सांगितलेल्या चाळीस गाड्या

क्षणभर समजा, गाडी तुमची आहे. साट्यात बारा मण कापूस दाबून भरलेला, वरून जाळी आवळलेली. वढ्यात उतरताना सगळा भार बैलांच्या मानेवर आला होता, तो कसाबसा तोलून तुम्ही घोटाभर पाण्यातून गाडी पलीकडे आणली आहे. आता समोर चढ आहे. लांबी साठ हात. पाच हात पुढे गेलं की एक हात वर, असा चढ. जमीन काळी, खालून सतत ओल झिरपणारी, आणि तुमच्या आधी गेलेल्या गाड्यांनी तिचा पार रगडा केलेला. तुम्ही चाकाच्या आऱ्याला खांदा लावा. पाय रोवा. बैलांना हाक द्या. चाक वीतभर फिरतं आणि थांबतं. आता मागून कुणीतरी चटकन उटीचा दगड सरकवायला हवा, नाहीतर ती वीत गेली आणि तिच्याबरोबर आणखी दोन हात गेले. उटी लागली? मग पुन्हा खांदा.

असं साठ हात. मग हेच दिवसातून ऐंशी वेळा. मग हेच दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज, आणि अशी बावीस वर्षं. इतकं करून तुम्ही कुठे पोहोचलात? साठ हात वर. रायभान आयुष्यभर तेवढाच पोहोचला.

खापरीचा वढा तीर्थपुरीहून अंबडमार्गे जालन्याला जाणाऱ्या गाडीवाटेवर होता. जालन्याला रेल्वे होती, सरकी काढणारे जिन होते, गठाणी बांधणारे प्रेस होते. गोदाकाठचा सगळा कापूस त्याच वाटेने जायचा. वाट सोळा कोसांची. भरली गाडी दिवसाला आठ कोस जाते, म्हणजे जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस. पण हा हिशेब वाट सरळ असेल तर. खापरीच्या वढ्यावर गाड्या अडायच्या. एका जोडीला तो चढ झेपत नव्हता. पुढे दुसरी जोडी जुंपून ओढावं लागायचं. एका गाडीला सात-आठ मिनिटं. चाळीस गाड्या एकदम आल्या की शेवटचा गाडीवान पाच तास वढ्यात बसून राहायचा. मग तो जालन्याला पोहोचायचा तेव्हा जिनचं फाटक बंद झालेलं असायचं, आणि आणखी एक दिवस जायचा.

पुढे जुंपायच्या जोड्या रायभानच्या होत्या. दोन जोड्या, आलटून पालटून.

तो मुळात मेंढरांचा माणूस. त्याचा बाप धुळाजी सव्वाशे मेंढरं घेऊन गोदावरीपासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत फिरायचा. फसली तेराशे पस्तीसच्या, म्हणजे इंग्रजी पंचवीस-सव्वीसच्या सुमाराला कळपात देवीची साथ आली आणि महिन्याभरात अकरा मेंढरं उरली. रायभानने ती विकली, दोन गोऱ्हे घेतले, आणि बायको साखराबाईला घेऊन वढ्याच्या वरच्या काठावर खोपट घातलं. चार महिने बसू, बैल मोठे झाले की बटाईने शेत करू, असं त्याच्या मनात होतं. पहिल्या हंगामात गाडीवाल्यांनी गाडीमागे एक पैसा दिला, कुणी ओंजळभर ज्वारी दिली, आणि तो तिथेच राहिला.

मेंढरं गेली तरी त्यांची सवय गेली नाही. दोन गाड्यांच्या मधे जरा उसंत मिळाली की रायभान काखेतली लोकर काढायचा आणि चातीवर सूत काढत उभा राहायचा. गाडी वर गेली की त्या सुतात एक गाठ मारायचा. त्याचा बाप मेंढरं अशीच मोजायचा. सांजेला वाड्यात शिरताना वीस झाली की एक गाठ. रायभानने विसाची एकावर आणली, एवढंच. दिवस संपला की सूत तोडायचं, गुंडी करायची, टोपल्यात टाकायची. ह्याचा उपयोग काय, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"मेंढरं न्हाईत तर गाड्या राखून राह्यले," साखराबाई गाडीवाल्यांना सांगायची. "उद्या एखाद्या गाडीला पाजायला नेतील."

गाडीवाल्यांत भुजंग नावाचा तीर्थपुरीचा एक शेतकरी होता. घरची चाळीस एकर जमीन, स्वतः गाडी हाकायची हौस, आणि जिभेला हाड नाही. त्याचा नंबर मागे लागला की तो वढ्यातूनच ओरडायचा, "रायभान, माझी सोयरीक करून टाक इथंच! वरात जालन्याला पोचंस्तोर पोरगं व्हईल!"

"पोरगं झालं तर त्याला उटी लावाया ठिव," रायभान वरून म्हणायचा.

असं दहा वर्षं चाललं.

फसली पंचेचाळीसच्या माघात, म्हणजे इंग्रजी छत्तीस साल नुकतंच लागलं असताना, एक तरुण ओव्हरसियर सायकल ढकलत वढ्यावर आला. सोबत साखळी आणि मापाची काठी धरलेले मोजणीचे दोन गडी. त्याचं नाव बद्रीनाथ. परतूरकडच्या कुणब्याचा पोरगा. उर्दू शाळा करून औरंगाबादला गेला, हैदराबादला इंजिनिअरिंगचं शिकला आणि बांधकामाच्या खात्यात लागला. दोन तास त्याने चढ मोजला, वढ्याची रुंदी मोजली, पुराची खूण कुठवर येते ते बाभळीच्या बुंध्यावर पाहिलं. मग दगडावर बसून त्याने इकडे तिकडे पाहिलं. वाट रिकामी होती.

"मामा, आज गाड्या कामून न्हाईत?"

"आवस हाये साहेब. आवसंला बैल जुंपत न्हाईत."

बद्रीनाथने कपाळाला हात लावला. "मी कुणब्याचा पोरगा, अन् मलाच याद राह्यली न्हाई. नकाशे काढता काढता आवस-पुनव इसरून गेलो."

"मंग उद्या थांबा की. उद्या दोन दिवसाच्या एकदम येतेन."

"उद्या परतूरला हाजीर व्हायचंय. परवा मिसल, म्हंजे हे सगळे कागद, वर गेली पायजे." त्याने मांडीवर वही उघडली. "तुम्ही तर रोज इथंच असता. तुम्हीच सांगा. हंगामात रोज किती गाड्या चढवता?"

रायभानला आकडा माहीत होता. खोपटात टोपलं होतं, कालची गुंडी वरच पडलेली होती, तीत त्र्याऐंशी गाठी होत्या. ऐंशीच्या खाली आकडा त्या महिन्यात गेलाच नव्हता. पण समोर सरकारी माणूस होता, मांडीवर वही होती, आणि तो विचारत होता, किती?

हा प्रश्न रायभानने लहानपणापासून ऐकला होता. चराईचा कर घेणारा कारकून यायचा, बापाला विचारायचा, किती? निम्मी मेंढरं तोवर टेकडीच्या मागे नेलेली असायची आणि बाप उरलेली दाखवून म्हणायचा, एवढीच. कारकूनही मान हलवायचा, लिहायचा. त्यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं. सरकारला मोजदाद द्यायची ती निम्मीच, हे बोलायला शिकतानाच अंगात भिनलेलं.

"असतील चाळीस," रायभान म्हणाला.

साखराबाई पाण्याची घागर घेऊन वर येत होती. ती थबकली. "अवो, चाळीस तर निस्त्या न्याहारीपस्तोर..."

"साहेबाला पाणी दे," रायभान म्हणाला.

बद्रीनाथने मान वर केली. "बराबर सांगा, मामा. चाळीस का जास्ती?"

"चाळीसच. बाजाराच्या दिशी पंचेचाळीस."

बद्रीनाथचा चेहरा उतरला. त्याने आकडा लिहिला, मग पेन्सिल कानावर ठेवून काडीने धुळीत रेघा मारायला लागला. तो अजून त्या वयात होता, जेव्हा शिकलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

"हे पाहा. एका गाडीचा इथं अर्धा दिवस जातो. चाळीस गाड्या, म्हंजे रोज वीस दिवस. समजलं? रोज वीस गडी अन् चाळीस बैल ह्या वढ्यात दिवसभर निस्ते बसवून ठिवायचे, त्यांला वैरण घालायची, अन् सांजच्याला घरी पाठवायचे. तसंच झालं हे. इथं फरशीचा पूल टाकला तर तेच गडी, तेच बैल, तोच कापूस, अन् हंगामात सहा खेपांच्या जागी नऊ खेपा. कुणाला एक घोट जास्ती पाणी पाजायची गरज न्हाई."

रायभान धुळीतल्या रेघांकडे पाहत होता. वीस, तो मनात म्हणाला. वीस नाही, चाळीस. चाळीस गडी अन् ऐंशी बैल. दहा वर्षं ते त्याच्या डोळ्यांसमोर बसले होते, विडी ओढत, बैलांच्या पाठीवरच्या माश्या हाकत. ते बसलेले असणं हीही वढ्यासारखीच एक असलेली गोष्ट, असंच तो धरून चालला होता.

"मंग टाकत्यात का पूल?" त्याने विचारलं.

"ह्या साली तहसीलीत एकाच कामाचा खर्चा मंजूर व्हनार. एक तर हा पूल, न्हाई तर पलीकडं दीड कोसावर डाकबंगला. मोठ्या साहेबांच्या दौऱ्याला उतरायला जागा न्हाई, असं म्हनतात. साठाच्या वर गाड्या असत्या तर मला जोरात लिहिता आलं असतं." तो उठला, धोतराची धूळ झटकली. "चाळीसवर मुश्कील हाये."

तेव्हा बोलता आलं असतं. तोंडही उघडलं होतं रायभानचं. पण आत्ताच चाळीसच म्हणून सांगितलेला माणूस आता ऐंशी म्हणणार, म्हणजे आधीचं खोटं होतं असं झालं. आणि सरकारपुढे आकडा बदलला की दंड, हेही त्याच जुन्या शाळेतलं. त्याने दुसरंच विचारलं.

"पूल झाल्यावर माझं काय?"

बद्रीनाथ हसला. "दोन जोड्या हायेत ना? गाडी घ्या, एकीला जुंपा, कापूस न्या जालन्याला. साठ हात वढन्यापरीस सोळा कोस वढा. बैलाला काय, घाम तेवढाच."

तो सायकल ढकलत चढ चढून गेला. साखराबाईने चूल पेटवली आणि दोन भाकरी थापून घेतल्या. मग म्हणाली, "मेंढरं हायेत व्हय त्या गाड्या? चराई लागनार व्हती त्यांला?"

रायभान उठून बैलांना वैरण टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी परतूरला जायचं, बद्रीनाथला गाठायचं, टोपलं समोर ठेवायचं, असं त्याने ठरवलं. पहाटेच निघाला असता. पण पहाटेच वढ्यात गाड्यांचा कालवा सुरू झाला. अमावस्येमुळे दोन दिवसांच्या गाड्या एकदम आल्या होत्या, अंधारातच तीस-पस्तीस पाण्यापाशी उभ्या होत्या आणि सगळ्यांत पुढे भुजंग बोंबलत होता, "रायभान, उठ की गड्या! का ओव्हरसियरनं तुला बी सायकल देल्ली?" रायभानने जोडी सोडली आणि खाली उतरला. त्या दिवशी एकशे बारा गाठी झाल्या. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. तिसऱ्या दिवशीही शंभराच्या आसपास. चौथ्या दिवशी तो परतूरला पोहोचला तेव्हा कळलं, मिसल गेली आणि ओव्हरसियरसाहेब दुसऱ्या तहसीलीच्या मोजणीला गेले.

पुढचं साल-दीड साल रायभानने वाट पाहिली. कुणाला काही सांगितलं नाही. दसऱ्यानंतर एक दिवस वढ्यावर दगड भरलेल्या गाड्या आल्या, घडीव दगड, चुना, सागाच्या तुळया. त्याला वाटलं, आला पूल. त्याने पहिल्या गाडीला हात करून विचारलं, "कुठं उतरवता? अलीकडं का पलीकडं?"

"वढ्यात कशाला उतरवू? वर चढव की," गाडीवाला म्हणाला. "बंगल्याचं सामान हाये."

दोन महिने रायभानने डाकबंगला चढवला. दगड कापसापेक्षा जड; एका गाडीला पंधरा मिनिटं, दोन्ही जोड्या एकदम. कौलं, गजांच्या खिडक्या, पत्र्याच्या टाक्या, सगळं त्याच साठ हातांवरून गेलं. त्या काळात कापसाच्या गाड्या मागे थांबायच्या, कारण सरकारी सामान आधी.

काम पाहायला बद्रीनाथच होता. रायभान एक दिवस जोडी साखराबाईच्या हवाली करून टोपलं डोक्यावर घेऊन दीड कोस चालत गेला. बंगल्याच्या भिंती छातीएवढ्या आल्या होत्या. बद्रीनाथ सावलीत नकाशा पाहत होता. रायभानने टोपलं त्याच्यापुढे ठेवलं, एक गुंडी उचलून हातात दिली.

"मोजा, साहेब."

बद्रीनाथला आधी कळेना. मग त्याने सूत उलगडत बोटांनी गाठी चाचपायला सुरुवात केली. मोजत असताना त्याचे ओठ हलत होते. ऐंशीच्या पुढे गेल्यावर त्याने दुसरी गुंडी उचलली. मग तिसरी. मग गुंडी खाली ठेवली.

"हे तवा कामून न्हाई दाखवलं?"

"भरवसा न्हाई आला."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर न्हाई साहेब. तुमच्या वहीवर."

 गवंडी ओळंबा सोडून कोपरा तपासत होता, तिकडे बद्रीनाथ पाहत राहिला. रागावला असता तर रायभानला बरं वाटलं असतं.

"खरं सांगितलं असतं तर झाला असता का पूल?" रायभानने विचारलं.

"ठाव न्हाई, मामा." तो आवाज खाली आणून बोलला. "माझी मिसल वर गेली. खाली हुकूम आला तो निस्ता बंगल्याचा. वढ्याचं त्यात नाव बी नव्हतं, चांगलं न्हाई, वाईट न्हाई. माझा कागद वाचून चाळीस कमी हायेत म्हनून नामंजूर केला, का बंगला आधीच ठरला व्हता अन् माझा कागद तसाच फळीवर गेला, मला कोन सांगनार? मी इचारलं तर म्हनतेन, तू कोन इचारनारा?"

"पुन्यांदा लिव्हा की. ह्या गाठी दावा."

"लिहितो," बद्रीनाथ म्हणाला. त्याने लिहिलंही, रायभानला ते नंतर कळलं. पण पुढच्या साली खर्च बंगल्याच्या आवाराला आणि मोटारीच्या वाटेला गेला, आणि त्याच्या पुढच्या साली बद्रीनाथची बदली तेलंगणात झाली. तो परत आला नाही.

डाकबंगल्यावर कडूबा नावाचा चौकीदार नेमला गेला. तो बाजाराला जाताना वढ्यावर टेकायचा. "साल झालं," एकदा तो म्हणाला, "अकरा राती साहेब लोक उतरले. बाकीच्या साडेतीनशे राती मी अन् पाली. रोज झाडतो, रोज पुसतो. कोनासाठी ते न्हाई माहीत. पगार मातर बराबर येतो."

"आन् ते अकरा राती काय करत्यात?"

"तितर मारत्यात. एकानं इचारलं व्हतं, इकडला कापूस एवढा उशिरा कामून पोचतो जालन्याला? म्या म्हनलं, वढा हाये साहेब. म्हनला, अस्सं?"

कडूबाला त्यात मोठी गंमत वाटली. रायभान हसला नाही.

वर्षं गेली. पहिली जोडी बसली, दुसरी बसली. बैलाचं आयुष्य असतं त्याच्या निम्म्यात ते खांद्यातून गेले. रायभानचा उजवा खांदाही डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. अंगरखा त्या बाजूला लोंबायचा. आता त्याला वढा पूर्वीसारखा दिसत नव्हता. गाड्यांची रांग लागली की तो माणसं मोजायचा. बसलेली माणसं. ह्याच्या शेतात आज वखर चालला असता. ह्याची तुरीची रास आज झाली असती. हा निदान घरी जाऊन झोपला असता. हे सगळं आधीही होतंच, पण त्या पोराने काडीने धुळीत रेघा ओढल्या तेव्हापासून ते दिसायचं बंद होईना. कधी कधी त्याला बद्रीनाथचा रागच यायचा.

लढाईच्या दिवसांत, इंग्रजी एक्केचाळीसच्या पौषात, भुजंगची गाडी चढाच्या मध्यावर असताना जोताची दोरी तुटली. पुढची जोडी मोकळी सुटली आणि गाडी मागे आली. भुजंग चाकापाशी होता. उटीचा दगड रगड्यात रुतला आणि चाक त्याच्यावरून आणि भुजंगच्या पायावरून गेलं. नडगी दोन ठिकाणी मोडली. जालन्याच्या दवाखान्यात न्यायला त्याच गाडीत घातला, त्याच वाटेने, आणि पोहोचायला दीड दिवस लागला. पाय वाचला, पण गुडघ्याखाली वाकडा राहिला. भुजंगने गाडी हाकणं सोडलं. त्या सालापासून त्याच्या चाळीस एकरांपैकी पंचवीस एकरांत ज्वारी आली. नुसता तोच नाही. गोदाकाठच्या बऱ्याच जणांनी कापूस कमी केला. खायचं धान्य निदान वढा ओलांडून न्यावं लागत नाही.

रायभान त्याला भेटायला तीर्थपुरीला गेला तो ठरवूनच गेला होता. ओसरीवर भुजंग पाय लांब करून बसला होता. रायभानने सगळं सांगितलं. अमावस्या, वही, चाळीस, टोपलं.

भुजंगने ऐकून घेतलं आणि मग तो हसायला लागला. हसता हसता पायात कळ आली, तरी हसत राहिला.

"म्हंजे तू चाळीस म्हनला म्हनून सरकारचा खजिना अडला व्हय? आरं, तुला ते हैदराबादेत वळखत्यात का? तू ऐंशी म्हनला असता, आठशे म्हनला असता, तितर मारायला बंगला लागतोच की न्हाई? तो त्यांनी आधीच ठरवलेला. तुझा चाळीस कोन इचारतंय!"

"आन् इचारला असंल तर?"

भुजंग हसायचा थांबला. त्याने आपल्या पायाकडे पाहिलं. मग तंबाखूची पिशवी रायभानकडे सरकवली.

"खा," तो म्हणाला. "अन् मला पुन्यांदा इचारू नको हे."

रायभानने त्याला पुन्हा विचारलं नाही. पण भुजंगने दिलेली माफी त्याला लागू पडली नाही. ती माफी ह्यावर उभी होती, की त्याच्या शब्दाला काही किंमतच नव्हती. ते खरं असेल तर त्याच्या हातून काही बिघडलं नाही. पण मग बद्रीनाथचं सगळं मोजणं, ती साखळी, बाभळीवरची पुराची खूण, हे सगळं कशासाठी होतं? आणि ते खोटं असेल, वर कुणीतरी खरंच वाचत असेल, तर भुजंगचा पाय त्याच्याच जिभेने मोडला. दोन्हींपैकी कशावरही त्याला झोप लागत नव्हती. साखराबाई म्हणायची, "तुम्हाला गुन्हा केल्याबिगर बरं वाटंना." ती निम्मी चेष्टेने म्हणायची.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची सालं वाईट गेली. वाटा बंद पडल्या, गावं रिकामी झाली, वढ्यावर दिवसाला पाच गाड्याही येईनात. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि जुनं राज्य गेलं. दिवाळीनंतर परतूरच्या कचेरीत नवीन माणसं बसली आहेत असं कळलं, तेव्हा रायभान साठीला आला होता. जोडीचे बैल त्याने कडूबाकडे बांधले, भाकरी बांधून घेतली आणि चालत निघाला.

कचेरीत कारकून तरुण होता, पुण्याकडून आलेला, चष्मा लावलेला. भिंतीशी जुन्या मिसलींच्या फळ्या छतापर्यंत गेल्या होत्या. त्याने रायभानला बाकावर बसायला सांगितलं. असं ह्या कचेरीत पूर्वी कुणी सांगितलं नव्हतं.

"बोला आजोबा. काय काम?"

"एक मिसल पाह्यची. खापरीच्या वढ्याची. फसली तेराशे पंचेचाळीस. बद्रीनाथ ओव्हरसियरनं लिव्हलेली."

"पूल हवाय का तिथे?" कारकुनाने कोरा कागद पुढे ओढला. "नवा अर्ज देऊ. आता आपलं सरकार आहे, रस्ते-पूल आधी, असं वरून आलंय. रोज गाड्या किती जातात तिथून?"

रायभानने त्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं.

"यंदाच्या साली पाच. त्याच्या आधी पन्नास. फसली पंचेचाळीसला त्र्याऐंशी." त्याने आकडे एकेक करून, थांबत सांगितले, जसे चढावर उटी लावत सांगावेत. "लिव्हा. बराबर लिव्हा. पन तो अर्ज नंतर. मला ती जुनी मिसल दाखवा."

"ती उर्दूत असेल. मला उर्दू येत नाही. तुम्हाला येतं?"

"मला काहीच येत न्हाई."

"मग पाहून काय करणार?"

"वाचायची न्हाई. निस्ती पाह्यची."

कारकून वैतागला नाही. उठला, स्टूल घेतलं, सालांचे आकडे पाहत पाहत तिसऱ्या फळीपर्यंत चढला. धुळीने त्याला शिंक आली. बऱ्याच वेळाने त्याने एक जाड गठ्ठा खाली आणला आणि टेबलावर ठेवला. कागदांच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या. मधे कुठेतरी बद्रीनाथचा नकाशा होता. वढ्याची वाकडी रेघ रायभानला लगेच ओळखू आली. त्याने बोट तिच्यावर ठेवलं.

"हे बघा, नकाशा आहे," कारकून म्हणाला. "आता सांगा, काय शोधू?"

"ह्याच्यासंगट एक आकडा लिव्हला असंल. चाळीस." रायभान टेबलावर ओणवा झाला. "तो सापडला तर एवढं सांगा बाबा, त्याच्यापाशी वरच्या कुना साहेबाची सही, शेरा, निस्ती पेन्सिलीची रेघ, काही बी हाये का? कुनी थांबून तो वाचला व्हता का?"